माळ्यावर उदमांजर आहे, पिंजरा न लावता बाहेर कसं काढायचं? (सहकारनगर, पुणे)

अंगणवेल

नमस्कार मंडळी. तातडीने सल्ला हवा आहे. घर सहकारनगरात, तळजाईच्या बाजूला. जुना बंगला, वर मंगलोरी कौलं, खाली तक्तपोशी. या दोहोंच्या मधल्या पोकळीत रात्री उशिरा पळापळ सुरू होते, पहाटे पुन्हा एकदा, आणि मग दिवसभर चिडीचूप. एका कोपऱ्यात तक्तपोशीवर ओला पिवळट डाग पडलाय आणि त्याला उग्र वास येतो. मागच्या अंगणात अर्धवट खाल्लेले चिकू सापडतात. शेजारच्या काकांनी रात्री कंपाउंडच्या भिंतीवरून लांब शेपटीचं काळपट जनावर जाताना पाहिलं, त्यांच्या मते ते उदमांजर.

सासूबाईंची खोली नेमकी त्याच्या खाली. त्यांची झोप आधीच कमी, त्यात आता रात्रभर जाग.

पेस्ट कंट्रोलवाल्यांना बोलावलं तर ते म्हणाले, "पिंजरा लावतो, आत केळं ठेवतो, सापडलं की सिंहगडाच्या बाजूला सोडून देतो." घरात बाकीचे तयार आहेत, पण माझं मन घेत नाही. जनावराला इजा होऊ नये आणि सासूबाईंना झोपही मिळावी, असा काही मार्ग आहे का? खर्च करायची तयारी आहे.

टेकडीवाला

ताई, आधी आत कोण आहे ते पक्कं करा. कौलाखाली उंदीर, घूस, खार, वटवाघूळ, गव्हाणी घुबड, कुणीही असू शकतं आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. खार असेल तर आवाज दिवसा येईल, रात्री ती झोपते. घुबडाची पिल्लं असतील तर फुसफुस आणि घरघर ऐकू येईल.

उदमांजर बहुधा ठरावीक जागीच घाण करतं आणि त्यात बिया दिसतात. उंबर, जांभूळ, पपई, शिंदी, जो हंगाम असेल त्याच्या. गच्ची किंवा भिंतीचा माथा बघून घ्या.

सोपी चाचणी सांगतो. संध्याकाळी कौलांच्या कडेला, जिथून ये-जा असावी असं वाटतं तिथे, रांगोळीचा पातळ थर पसरा आणि सकाळी ठसे बघा. मांजराच्या पंजाची चार बोटं उमटतात, उदमांजराची पाच. आणखी एक, माळ्याच्या बाजूने कधी आंबेमोहोर शिजल्यासारखा वास येतो का? तो येत असेल तर शंका नको.

निशाचर

टेकडीवाल्यांशी सहमत. पण ठसे कुणाचेही निघोत, पिंजऱ्याला आजच नाही म्हणा.

पहिलं कारण कायद्याचं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये 'शिकार' म्हणजे फक्त मारणं नव्हे. विष घालणं, पकडणं, सापळा लावणं, आमिष ठेवणं, आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं त्या व्याख्येत येतं. उदमांजर संरक्षित आहे. त्यामुळे केळं ठेवून पिंजरा लावणारा माणूस आणि तो लावून घेणारं घर, दोघंही अडचणीत येऊ शकतात. पकडायची खरोखरच वेळ आली तर ते काम वनविभागाचं किंवा त्यांच्या परवानगीने काम करणाऱ्यांचं. राज्य वनविभागाचा 'हॅलो फॉरेस्ट' क्रमांक १९२६, चोवीस तास चालू असतो. पुण्यात वनविभागासोबत रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट काम करतं आणि बावधनला वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र आहे. फोन आधी तिथे करा.

दुसरं कारण मला कायद्यापेक्षा मोठं वाटतं. "दूर नेऊन सोडतो" हे ऐकायला दयाळू वाटतं, पण तसं ते नाही. उदमांजर हद्द धरून राहतं. कुठल्या झाडाला कधी फळ येतं, कुत्र्यापासून पळताना कुठली भिंत गाठायची, दिवसा कुठे दडायचं, हे त्याला स्वतःच्या भागातलंच ठाऊक असतं. अनोळखी डोंगरात आणून टाकलं की ते उपाशी फिरतं, तिथल्या उदमांजरांशी त्याची मारामारी होते, परत यायला निघालं तर हमरस्त्यावर मरतं. सोडणारा माणूस त्याला झाडीत शिरताना बघतो आणि समाधानाने घरी येतो. पुढचं त्याला दिसत नाही.

आणि तुमचं काम तरी कुठे झालं? भोक तसंच, चिकू तसाच. काही दिवसांत दुसरं उदमांजर तीच जागा धरेल.

म्हणून जनावर हलवायचं नाही, वाट बंद करायची. ते रोज रात्री स्वतःहून बाहेर जातं. परत आत येता येऊ नये, एवढीच सोय करायची.

मुठाकाठ

रागावू नका, पण या धाग्यांवर नेहमी जनावराची बाजू आधी घेतली जाते. वर म्हाताऱ्या बाई झोपू शकत नाहीत, डोक्यावर मुताचा डाग पडलाय, त्यांच्या तब्येतीचं काय? आमच्याकडे वडिलांना दमा आहे. माळ्यावर असाच प्रकार झाला तेव्हा वास आणि पिसवा दोन्ही खाली उतरल्या होत्या. माणसाने किती दिवस सहन करायचं याला काही मर्यादा हवी की नको?

निशाचर

मुठाकाठ, मर्यादा हवीच. सासूबाईंची झोप ही किरकोळ गोष्ट नाही. अंगणवेल, आज रात्रीपासूनच त्यांना दुसऱ्या खोलीत झोपवा. डागाखालचा पलंग आणि गादी हलवा. पोकळीला खालून फटी असतील तर त्या टेपने बंद करा, म्हणजे पिसवा आणि धूळ खाली येणार नाही. एवढं केलं की बाकीचं घाई न करता करता येतं. घाईत केलेलं काम माणसालाही भोवतं. आत पिल्लं अडकून मेली तर वास कित्येक दिवस जात नाही आणि तक्तपोशी उखडावी लागते.

अंगणवेल

सगळ्यांचे आभार. सासूबाईंना पुढच्या खोलीत आणलं, काल त्या नीट झोपल्या. रांगोळीत ठसे मिळाले, पाच बोटं स्पष्ट आहेत. मागच्या बाजूला वळचणीशी पन्हळीच्या वर एक कौल सरकलंय, तिथूनच ये-जा दिसते. कडेला तेलकट काळपट डागही आहे.

पण आता नवी काळजी. दुपारी शिडी लावून कान दिला तर आतून बारीक चिवचिव ऐकू आली. एकापेक्षा जास्त आवाज होते.

टेकडीवाला

पिल्लं. आता ते भोक अजिबात बुजवू नका.

निशाचर

हो, आता सगळं यावरच अवलंबून. एका वेळी दोन ते पाच पिल्लं होतात आणि सुरुवातीला ती पूर्णपणे आईवर असतात. आई बाहेर असताना भोक बुजवलं तर ती कौलं उचकटून आत शिरायचा प्रयत्न करेल. नाही जमलं तर पिल्लं आत मरतील.

दोन मार्ग आहेत. एक, थांबणं. साधारण दोन महिन्यांची झाली की पिल्लं आईबरोबर बाहेर पडू लागतात, तेव्हा दार लावायचं. दुसरा, आईला ही जागा नकोशी करणं. आईला दुसरी एखादी जागा बहुधा ठाऊक असते, झाडाची ढोली किंवा दुसरा माळा, आणि ती पिल्लं तोंडात धरून एकेक करून नेते. त्यासाठी पोकळीत उजेड हवा. तक्तपोशीची एक फळी सैल करून दिवसा एक एलईडी दिवा आत सोडा आणि खालच्या खोलीत रेडिओवर बातम्या, गप्पा असं माणसांच्या बोलण्याचं काहीतरी हळू आवाजात लावून ठेवा. तिला घाबरवायचं नाही, कारण घाबरलेली आई पिल्लं सोडून जाऊ शकते. भोक मोकळंच ठेवायचं आणि संध्याकाळी दिवा बंद करायचा, म्हणजे ती अंधारात निघेल.

हे करण्याआधी १९२६ वर बोलून घ्या. त्यांचं माणूस येऊन बघून गेलं तर उत्तम.

डांबरगोळ्या, फिनेल, मिरचीचा धूर यांतलं काहीही नको. पिल्लांना पळता येत नाही आणि तो धूर, ते वास फटींतून तुमच्याच खोलीत उतरतात.

बाणेरची_मीरा

विषय थोडा वेगळा आहे, पण इथेच विचारते. आमच्या खिडकीच्या वरच्या शटरच्या खोक्यात छोटी वटवाघळं आहेत. संध्याकाळी एकामागून एक बाहेर पडतात. वॉचमन म्हणतो फडकं कोंबा.

निशाचर

मीरा, फडकं कोंबू नका. ही किडे खाणारी लहान वटवाघळं, अर्ध्या इंचाची फटही त्यांना पुरते. पद्धत तीच, एकेरी वाट. फटीच्या वर आणि दोन्ही बाजूंना बारीक नायलॉनची जाळी चिकटवायची, खाली हातभर मोकळी लोंबती ठेवायची. बाहेर पडणारं वटवाघूळ घसरत खाली येऊन उडून जातं. परत येताना ते थेट फटीपाशी उतरायला बघतं आणि जाळीवर अडतं. काही रात्री एकही बाहेर पडताना दिसलं नाही की मग फट सिलिकॉनने भरा. अट इथेही तीच, उडता न येणारी पिल्लं आत असतील तर थांबायचं. आणि उघड्या हाताने धरू नका. कुठल्याही सस्तन प्राण्याचा दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठायचा.

पिंगळ्याची_फांदी

चिकट पॅडबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. कारण पुण्यात दर दुसऱ्या घरात ते आहेत. आमच्या सोसायटीत उंदरांसाठी मीटरच्या खोलीत पॅड ठेवले होते. त्यावर आधी पाली चिकटल्या, पाली खायला कवड्या साप आला आणि तोही चिकटला. जिवंत होता, सुटायला धडपडताना खवले निघत होते. कुणीतरी तो पॅडसकट कचऱ्यात टाकायला निघालं होतं. सर्पमित्र आले, त्यांनी खाण्याचं तेल हळूहळू सोडत त्याला मोकळा केला.

उंदीर मारायची गरज मला मान्य आहे. पण चिकट पॅडवर तो तासन् तास तडफडतो, हे डोळ्यांनी पाहिल्यावर कुणी पुन्हा विकत आणेल असं मला वाटत नाही. आणि विषाच्या वड्यांचं म्हणाल तर त्यातली बरीच औषधं रक्त गोठू देत नाहीत. उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त फिरतो आणि असाच उंदीर गव्हाणी घुबडाला, उदमांजराला सहज सापडतो. विष तिथेही पोचतं. जे प्राणी फुकटात उंदीर कमी करतात त्यांनाच आपण मारतो. झाकणाच्या कचरापेट्या, ड्रेनेजला जाळ्या आणि दाराखाली पट्टी, एवढ्याने आमच्याकडे बराच फरक पडला.

मुठाकाठ

दाराखालच्या पट्टीला माझाही दुजोरा. नऱ्ह्याला बहिणीकडे पावसात साप शिरला तो दाराखालूनच. तिथे लोक काठ्या घेऊन जमले होते.

सर्पमित्र_धायरी

साप घरात दिसला की दोनच कामं. लहान मुलं आणि कुत्रा बाहेर काढा, आणि एका माणसाने लांबून सापावर नजर ठेवा. नजर हटली की तो कपाटामागे जातो आणि मग आम्हाला सगळं घर उलथावं लागतं. फिनेल, कार्बोलिक, गंधक टाकू नका. साप त्याने थांबत नाही, उलट बिथरून आत दडतो.

पुण्यात घरात सापडणारे बरेचसे साप बिनविषारी असतात. धामण, तस्कर, कवड्या, दिवड. विषारी चार ओळखून ठेवा: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. कवड्याला मण्यार समजून मारतात. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे पट्टे डोक्यामागे थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक असतात. पण ही माहिती मारू नये म्हणून आहे, हात लावण्यासाठी नाही. मण्यारीचा दंश कित्येकदा जाणवतही नाही. रात्री झोपेत काहीतरी चावलं आणि पहाटे पोटात दुखायला लागलं, पापण्या जड झाल्या, तर थेट ससूनसारखं मोठं रुग्णालय गाठा. १०८ ला फोन करा. कापणं, चोखणं, घट्ट आवळपट्टी, काहीही नको. चावलेला हात-पाय हलवू देऊ नका.

निशाचर यांनी लांब सोडण्याबद्दल लिहिलं ते सापालाही लागू आहे. धायरीतली धामण ताम्हिणीत नेऊन सोडण्यात काही भलं नाही. जवळच्याच योग्य जागी सोडावी. आणि बोलावलेला माणूस साप गळ्यात घालून फोटो काढू लागला, तर पुढच्या वेळी त्याला बोलावू नका. नोंदणी आहे का ते वनविभागाकडे विचारा. कात्रजला १९८६ साली नीलिमकुमार खैरे यांनी सर्पोद्यान उभं केलं, तेव्हापासून या शहरात साप ओळखणारी माणसं तयार झाली. अशा माणसाला शोधायला वेळ लागत नाही.

अंगणवेल

कळवायला उशीर झाला. वनविभागाकडून दोघं येऊन बघून गेले, त्यांनीही भोक मोकळं ठेवायला सांगितलं. दिवसा दिवा आणि रेडिओ, रात्री अंधार, असं चालू ठेवलं. त्यानंतर एका रात्री मुलाने गच्चीच्या खिडकीतून पाहिलं, आई तोंडात पिल्लू धरून भिंतीवरून मागच्या आंब्याकडे गेली आणि थोड्या वेळाने परत आली. आता आत चिवचिव नाही, पण मोठीचा आवाज एकदा पुन्हा आला. म्हणजे सगळी गेली का हे कसं समजायचं? जाळी कुठली लावू? आणि त्या डागाचं काय?

निशाचर

आवाज आला म्हणजे बंद करायची वेळ अजून आलेली नाही. भोकाच्या तोंडाशी वर्तमानपत्राचा बोळा सैल बसवा. आत कुणी असेल तर रात्री तो ढकललेला सापडेल. चिवचिव नाही आणि पिल्लं नेलेली दिसली, त्यामुळे आता एकेरी दार लावायला हरकत नाही, पण आधी दुपारी टॉर्च घेऊन आत एकदा पूर्ण नजर टाका. एखादं पिल्लू कोपऱ्यात राहिलेलं असतं. आई उरलेलं न्यायला परत येते, तिला तेवढी संधी द्या.

दार म्हणजे जाळीचा तुकडा, फक्त वरच्या कडेला तारेने अडकवलेला, बाहेरच्या बाजूला उघडणारा. आतून डोकं लावलं की उघडतो, बाहेरून ओढता येत नाही. बोळा आणि रांगोळी दोन्ही सलग काही रात्री जशीच्या तशी राहिली की कायमचं बंद करा.

जाळी अर्धा इंची वेल्डमेश घ्या, गॅल्व्हनाइज्ड. कोंबडीची जाळी नको, ती दाताने आणि नखांनी सहज उसवते. फोम नको, सिमेंटचा नुसता लपकाही नको. वळचणीच्या सगळ्या कडेला लावा, एका भोकापुरती नाही, कारण शेजारचं कौल ती सहज सरकवेल. हवा खेळती राहते म्हणून पत्र्यापेक्षा जाळी बरी. पावसाआधी शाकारणी करणारा गवंडी मिळाला तर तुटकी कौलं त्याच वेळी बदलून घ्या.

साफसफाई करताना मास्क आणि हातमोजे घाला, कोरडं झाडू नका. खिडक्या उघडून साबणाच्या पाण्याने भिजवून मग पुसून काढा. वासाचा माग राहिला तर दुसरं जनावर त्याच जागेकडे ओढलं जातं.

टेकडीवाला

आंब्याची फांदी छपरावर आली असेल तर ती मागे घ्यावी लागेल, नाहीतर त्यांचा रस्ता तसाच राहतो. पण छाटायच्या आधी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी काढा. शहरातल्या झाडांना १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा लागू आहे आणि तो खाजगी अंगणातल्या झाडांनाही लागतो. चिकू पिकायच्या आधी उतरवून अढीत घाला.

सोसायटी_सचिव

वारज्याला आमच्या इमारतीत वरच्या स्लॅबखाली आग्या मोहोळ बसलंय. सभासद म्हणतात रात्री जाळून टाका, एक माणूस तयारही आहे. मी अडवून धरलंय, पण घरोघरी लहान मुलं आहेत, मला ठोस काहीतरी सांगता यायला हवं.

पिंगळ्याची_फांदी

सचिव, जाळू देऊ नका. धगीने बिथरलेल्या माशा रात्रीही उजेडाच्या दिशेने घरांत शिरतात आणि उंचावर मशाल धरून लटकणाऱ्या माणसाचा जीव जातो तो वेगळाच. आग्या माशा कायमच्या राहत नाहीत, फुलोरा सरला की पोळं सोडून निघून जातात. तोवर वरच्या मजल्यांनी संध्याकाळनंतर बाल्कनीतले दिवे बंद ठेवावे, पडदे ओढावे, खाली धूर करू नये, फटाके नकोत. कुणाला माशी चावली तर नांगी लगेच खरवडून काढायची आणि तिथून लांब जायचं. नांगीबरोबर सुटणाऱ्या गंधाने बाकीच्या माशा त्याच जागी येतात.

पोळं अगदी जिन्याशी किंवा मुलांच्या खेळायच्या जागेवर असेल, तर मधमाश्या न मारता पोळं काढणारी प्रशिक्षित माणसं आहेत. केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आपल्याच पुण्यात, गणेशखिंड रस्त्यावर, १९६२ पासून आहे. तिथे चौकशी करा. सभेत हेच पत्र म्हणून वाचून दाखवा, लोक ऐकतात.

बाणेरची_मीरा

जाळीचं काम झालं, आभार. अजून एक विचारते. इमारतीचं रंगकाम पुढच्या आठवड्यात आमच्या बाजूला येतंय आणि बुलबुलाने कुंडीतल्या मधुमालतीत घरटं केलंय, तीन अंडी आहेत. कुंडी आत घेतली तर चालेल का?

टेकडीवाला

नाही, कुंडी हलवली की बुलबुल बहुतेक वेळा घरटं सोडतो. अंडी आणि घरट्याला धक्का लावणंही त्या १९७२ च्या कायद्यात बसतं. सुमारे दोन आठवडे अंडी उबवायला आणि त्यानंतर जवळजवळ तेवढेच पिल्लं उडायला, म्हणजे महिनाभराचा प्रश्न आहे. रंगाऱ्याच्या मुकादमाला तुमच्या ओळीच्या बाल्कन्या सगळ्यात शेवटी घ्यायला सांगा. परांची बांधताना त्या कुंडीच्या बाजूला हिरवं कापड लावू देऊ नका, त्यांना यायला-जायला वाट लागते.